अख्खी हेमा

हेमा, तू गेलीस आणि घरात पहिलं भांडण झालं ते तुझ्या फोटोवरून. रडणं बाजूलाच राहिलं. बेसण्याला, त्या शोकबैठकीला, कुठला फोटो ठेवायचा, यावरून तुझा दादा, धाकटे काका आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दबक्या आवाजात असे भांडलो की शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंना वाटलं, गावाकडच्या जमिनीचं काहीतरी निघालंय.

काकांच्या हातात तो टायफॉइडचा फोटो होता. आयुष्यात तू एकदाच बारीक झालीस, कॉलेजात असताना, आणि तीही टायफॉइडनं. महिनाभर पेज पिऊन तुझे गाल बसले, डोळे खोल गेले, आणि आईंनी तुला अंथरुणातून उठवलं, साडी नेसवली आणि रिक्षात घालून स्टुडिओत नेलं. हेच दिवस आहेत, असं त्या म्हणाल्या होत्या म्हणे. पुढं कित्येक वर्षं तोच फोटो स्थळांना जात राहिला. मुलाकडची माणसं घरी यायची, आधी फोटोकडे बघायची, मग तुझ्याकडे, आणि चहा पिऊन ‘कळवतो’ म्हणत जिना उतरायची. त्या वेळी मी या घरात नवीन होते. मला तुझी दया आली होती, तर तू मलाच समजावलंस, “वहिनी, त्यांना पसंत पडलेली मुलगी आजारी होती गं. मी बरी झाले, त्याला मी काय करू?”

आता तीच आजारी मुलगी काकांना हारात बसवायची होती. “हा फोटो शोभून दिसतो,” असं त्यांचं म्हणणं. तुझ्या दादाला दुसरा सापडेना, म्हणून तोही हो म्हणत होता. आणि खरंच सापडत नव्हता. अल्बम काढून बसलो तेव्हा लक्षात आलं, या घरातल्या एकाही फोटोत तू गळ्याखाली नाहीस. प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत आई तुला मागच्या रांगेत ढकलायच्या आणि पुढं कुणाचं तरी पोर उभं करायच्या. पोर नसेल तर आहेराची बॅग. माझ्या लग्नाच्या फोटोत तुझ्यापुढं चक्क रुखवताचं टेबल आहे आणि त्यावरच्या लाडवांच्या वर तुझं हसरं तोंड.

पण मी तुला शब्द दिला होता. तुला आठवत असेल, प्रतापनगरच्या शाळेतल्या पटेलबेन गेल्या तेव्हा आपण दोघी त्यांच्या बेसण्याला गेलो होतो. गुजरातेत पिढ्या काढल्यावर आपणही ही रीत उचललीच की: पांढऱ्या चादरी, समोर हार घातलेला फोटो, दोन तास लोक येतात, हात जोडतात, गुपचूप बसतात आणि उठून जातात. पटेलबेन सत्तरीच्या होत्या आणि फोटोत पंचविशीच्या. तू माझ्या कानात विचारलंस की आपण नक्की कुणाला हात जोडले. परत येताना रिक्षात मात्र तू गंभीर झालीस. म्हणालीस, “माझा लावशील तो पूर्ण लाव हं, वहिनी. मागच्या रांगेत मी खूप उभी राहिले.” मी तुला गप्प बस म्हटलं आणि हो पण म्हटलं.

म्हणून मी माझ्या फोनमधला गरब्याचा फोटो काढला. तुझा पूर्ण, डोक्यापासून पायापर्यंतचा, असा हा एकच. हिरवा घेरदार चणिया, आरसे लावलेली चोळी, उघडे दंड, चोळी आणि चणिया यांच्यामध्ये भरघोस पोट, एक पाय उचललेला, आणि घामानं चमकणारं तोंड. काका म्हणाले, “बेसण्यात असा फोटो? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, लोक जे म्हणायचं ते तिला तोंडावर म्हणून गेलेत, आता नवीन काय उरलंय? तेव्हा त्यांनी टायफॉइडचा फोटो अल्बममध्ये परत ठेवला.

त्या चोळीपासूनच तर सगळं सुरू झालं होतं. मांडवीतल्या त्या शिंप्याकडे नवरात्राच्या आधी पाय ठेवायला जागा नसते, आणि त्याची पद्धत ठरलेली. बाई समोर उभी, टेप गळ्यात, आणि माप घेता घेता तो आत बसलेल्या कारागिराला ओरडून आकडा सांगणार. छाती एवढी, कमर एवढी, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी. बायका लाजतात, हसतात, पण तिथं ते चालतं. माझंही माप त्यानं असंच ओरडून सांगितलं आणि मागून कुणीतरी म्हणालं की या बेनला सासरी खायला देत नाहीत वाटतं. आपल्या दोघींना सगळे ‘जाडी आणि काडी’ म्हणायचे ते काही उगाच नाही. मग तुझी पाळी आली. त्यानं टेप लावला, आकडा बघितला, आणि आतल्या माणसाजवळ जाऊन त्याच्या कानात सांगितला.

तो भला माणूस होता गं. त्याला वाटलं, बेनची अब्रू राखावी. आईंना कापड दाखवायला म्हणून मी फोनवर व्हिडिओ सुरू ठेवला होता, त्यामुळे पुढचं सगळं त्यात आलं. तू शांतपणे विचारलंस, “काका, बधानुं मोटेथी बोल्या, मारुं केम धीमेथी?” सगळ्यांचं मोठ्यानं सांगितलंत, मग माझंच हळू का? तो गडबडला. टेप हातात चाळवत राहिला. तू तशीच उभी, हात बाजूला सोडून, वाट बघत. शेवटी त्यानं घसा खाकरला आणि नेहमीच्या आवाजात ओरडला, “कमर, पचास!” तू म्हणालीस, “हां. हवे बराबर.” आता बरोबर. आणि कोपऱ्यात मघापासून पदर आवरत उभी असलेली एक बाई पुढं आली आणि म्हणाली, आता माझं घ्या.

तो व्हिडिओ तू टाकलास, आणि आठवड्याभरात बडोद्यातल्या बायका तुला ओळखू लागल्या. तुझ्या खात्याचं नाव तू ठेवलंस ‘बडोद्याची जाडी’. त्या नावावरून आपण किती भांडलो. मी म्हणायचे, भरलेली म्हण, सुदृढ म्हण, ही काय शिवी स्वतःच स्वतःला द्यायची? तू म्हणायचीस की उंच माणसाला उंच म्हटलेलं चालतं, गोऱ्याला गोरं म्हटलेलं चालतं, मग जाडीला जाडी म्हटलं की तुमचे आवाज का उतरतात. हे भांडण आपलं कधी मिटलंच नाही. भाजी निवडताना सुरू व्हायचं आणि कुकरच्या शिट्टीला थांबायचं.

तुझी कॅमेरावाली मीच. मकरपुऱ्याच्या कारखान्यातून तू आलीस की हातपाय धुऊन गच्चीवर जायचो. दिवसभर तू मशीनवरून आलेल्या सुट्या भागांची मापं तपासायचीस, पास-नापास करायचीस, आणि संध्याकाळी फोनसमोर उभी राहून आपल्या त्या मराठी-गुजराती खिचडीत बायकांना सांगायचीस: “लोखंडाचं माप चुकलं तर लोखंड भंगारात जातं. पण बेनो, चोळी होत नसेल तर चोळी नापास, तुम्ही नाही.” हे बोलताना तू कधी हात जोडले नाहीस की डोळ्यांत पाणी आणलं नाहीस. वर फाफडा खात खात बोलायचीस. मी म्हणायचे तोंडातला घास संपव आधी. तू म्हणायचीस, नाही, तोच तर दाखवायचाय.

घाण लिहिणारेही होतेच. हत्ती, भूकंप, धरणीमाता, सगळं वाचलंय मी. मी रात्रभर जळायचे आणि सकाळी तू त्यातली एखादी कॉमेंट निवडून मोठ्यानं वाचायचीस, शुद्धलेखन सुधारायचीस आणि डबा घेऊन निघून जायचीस. सगळ्या दिवशी जमायचं असं नाही. एकदा तू गच्चीच्या कठड्याला टेकून म्हणालीस की आज नको, आज मला जाड असण्याचा कंटाळा आलाय. मग आपण व्हिडिओ न काढता नुसत्या बसलो, खालच्या सायकली आणि स्कूटर रेल्वेच्या वर्कशॉपकडे जाताना बघत. दुसऱ्या दिवशी तू तेच बायकांना सांगितलंस, की मलाही कंटाळा येतो, चालतं. त्या दिवशी जेवढे निरोप आले तेवढे कधीच आले नव्हते. कुणी पहिल्यांदा बिनबाह्यांचं पोलकं घातलं होतं, कुणी बाळंतपणानंतर पहिल्यांदा नवऱ्याबरोबर पोहायला गेली होती, कुणी नुसतं लिहिलं होतं की आज आरशासमोर केस विंचरले.

आणि गुडघ्यांचं भांडण, ते तर अर्धंच राहिलं. मी म्हणत होते की स्वतःवर प्रेम कर, हजारदा कर, पण गुडघा दुखतो तो डॉक्टरला दाखव. तू म्हणायचीस की ताप आला तरी डॉक्टर आधी वजन बघतात. मी म्हणायचे, मग दुसरा डॉक्टर शोधू, मी येते बरोबर, पण गुडघा काही कॉमेंट वाचत नाही. त्यावर तू हसलीस आणि म्हणालीस, पुढच्या रविवारी बघू. मला आजही वाटतं की त्यात माझंच बरोबर होतं. ये आणि मला खोटं ठरव.

तो रविवार आला नाही. मकरपुरा रोडवर तुझ्या उभ्या स्कूटरला ट्रकनं मागून ठोकलं. सिग्नलला थांबली होतीस तू, हेल्मेट घालून, नियमानं. त्यावरही घरी आलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, अंगानं जरा हलकी असती तर पटकन बाजूला झाली असती. ट्रक, हेमा. पाठीमागून येणारा ट्रक. मी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि म्हटलं की आता तुम्ही निघा, उशीर होतोय. तू असतीस तर त्यांनाही शुद्धलेखन शिकवलं असतंस. मला तेवढं जमत नाही.

आई मात्र काहीच बोलत नव्हत्या. फोटोच्या भांडणातही नाही. तुझी आणि त्यांची जन्मभराची कुस्ती मी बघितली आहे. तुझ्या ताटातली पुरी उचलून परत ठेवणाऱ्या त्या, रोज सकाळी दुधीचा रस घेऊन तुझ्यामागं फिरणाऱ्या त्या, आणि तुझे व्हिडिओ सुरू झाल्यावर सहा महिने माझ्याशी अबोला धरणाऱ्याही त्याच. “तू शूटिंग करतेस म्हणून ती चेकाळते,” असं म्हणायच्या. मग एकदा भाजीबाजारात एका बाईनं त्यांना थांबवलं, तुम्ही हेमाबेनच्या बा, म्हणजे आई ना, असं विचारलं आणि वाकून नमस्कार केला. तिची मुलगी अंगावरून चिडवतात म्हणून शाळा सोडून बसली होती, ती परत जायला लागली होती. आई घरी आल्या, पिशवी ठेवली. दुसऱ्या दिवसापासून दुधीचा रस बंद झाला एवढंच.

बेसण्याच्या आदल्या दिवशी तुझ्या दादानं गरब्याचा फोटो मांडवीतल्या स्टुडिओत दिला. मागची गर्दी काढा आणि मोठा करून द्या, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा कागदात गुंडाळलेली फ्रेम घेऊन थेट बेसण्याच्या हॉलवर आला. चादरी घालून झाल्या होत्या, माणसं जिन्यावर होती. घाईत फ्रेम स्टँडवर ठेवली, काकांनी हार घातला, आणि मी मागं सरकून बघितलं.

हिरवा चणिया होता. आरशांची चोळी होती. उचललेला पाय होता. पण तुझे दंड काडीसारखे, कंबर मुठीत मावेल एवढी, हनुवटीखाली काही नाही, पोट सपाट. स्टुडिओवाल्यानं काही वाईट हेतूनं केलं नव्हतं. तो लग्नाच्या बायोडाटाचे फोटो करतो. बाईचा फोटो आला की न विचारता बारीक करून द्यायचा, ही तिथली पद्धतच आहे, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्यात तू गेलेली, म्हणून त्यानं आणखी मन लावून केलं असणार. आयुष्यभर तू नको म्हणालीस तेच आम्ही हार घालून लोकांसमोर उभं केलं होतं, आणि तू तक्रार करायलाही नव्हतीस.

तेवढ्यात तुझ्या बायका यायला लागल्या. आम्हाला वाटलं होतं नातेवाईक येतील, कारखान्यातले येतील. पण या सगळ्या वयाच्या, सगळ्या मापांच्या, पांढरे कपडे घालून, काही जणी दोन बस बदलून आलेल्या. हॉल भरला, जिना भरला, खाली रस्त्यावर उभ्या राहिल्या. त्यातली एक चांगली धिप्पाड मुलगी दारात आली, फोटो बघितला, गोंधळली, आणि मला हळूच म्हणाली, “माफ करजो, हेमाबेननुं बेसणुं अहीं ज छे ने?” हेमाबेनचं बेसणं इथंच ना?

मी उत्तर द्यायच्या आधी आई उठल्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या, गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं उठल्या, फोटोजवळ गेल्या, चष्मा सारखा करून बघितलं. मग त्यांनी हार काढला आणि फ्रेम उलटी करून भिंतीला लावून ठेवली. काका त्यांना म्हणाले, “वहिनी, अहो लोक आलेत.” आई म्हणाल्या, “लोक हेमाला भेटायला आलेत, भावजी. ही कोण आहे मला माहीत नाही.”

दोन तास तो स्टँड रिकामाच राहिला आणि कुणाचंही काही अडलं नाही. तुझ्या बायका एकेक करून आईंसमोर बसत होत्या आणि आपापलं सांगत होत्या. बेसण्यात बोलायचं नसतं, पण कोण ऐकणार. आईंनी प्रत्येकीचं ऐकलं. हार त्यांच्या मांडीवरच होता. मी खूप रडले, पण मला त्याची लाज वाटली नाही, आणि त्याच वेळी छाती अशी फुगली होती की काय सांगू. एवढी माणसं आपल्या गच्चीवरून गोळा झाली होती, हेमा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चपला घालून दारात उभ्या. सुतकात बाहेर पडायचं नसतं हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी फ्रेम उचलली आणि रिक्षा बोलावली.

स्टुडिओवाला बिचारा हात जोडून उभा राहिला. “बा, में तो सारुं लागे एटले कर्युं,” म्हणाला. चांगलं दिसावं म्हणून केलं, सगळ्यांनाच करून देतो. मला वाटलं आई चिडतील. त्या स्टुलावर बसल्या, पदरानं कपाळ पुसलं. ज्या शब्दावरून तू आणि मी इतकी वर्षं भांडलो, तो त्यांनी सरळ उच्चारला, शेजारच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

“मारी दीकरी जाडी हती, भाई. मने आखी पाछी आपो.” माझी मुलगी जाडी होती, मला ती अख्खी परत द्या.

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. गर्दी काढलेली तशीच ठेवून तो आपण केलेलं एकेक काम मागं घेऊ लागला. आधी तुझे दंड परत आले. मग हनुवटी. तो थांबला आणि आईंकडे वळला, एवढं बस का, अशा नजरेनं. आई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या होत्या. तुझ्या ताटातली पुरी उचलणारा तो हात त्यांनी काचेवर ठेवला, तुझ्या कमरेपाशी.

“हजी,” त्या म्हणाल्या, म्हणजे अजून. कंबर परत आली. “हजी.” पोट परत आलं, चणियाच्या नाडीवर ऐसपैस बसलेलं. स्टुडिओवाला म्हणाला, आता झालं बा, बहुतेक एवढंच. आईंनी नाही म्हणून मान हलवली. गुजराती त्या विसरल्याच होत्या.

“अजून आहे ती,” त्या म्हणाल्या. “माझी आहे, मला माहीत आहे. अजून आण.”